मायसीनीचा तट आणि लोहगडाची वाट

मुळशी तालुक्यांतील मारुंजी हें गांव आज हिंजवडीच्या संगणक-उद्योगाला खेटून उभें आहे. नव्या इमारतींच्या त्या गर्दींत जुन्या दगडी तटांची आठवण सहसा कोणास होत नाहीं. ग्रीस देशांतील मायसीनीच्या सिंहद्वाराचें चित्र मात्र इतिहासाच्या पुस्तकांत पुष्कळांनीं पाहिलेलें असतें, आणि एकदां तें प्रत्यक्ष पाहावें अशी हौसही कित्येकांना असते. अशी हौस बाळगणाऱ्या मारुंजीकरानें आधीं चिंचवड स्थानकावर लोणावळ्याची लोकल धरावी, मळवलीस उतरावें, आणि भाजें गांवावरून लोहगडाची वाट चालावी. हा सल्ला खर्च वांचविण्यासाठीं नव्हे. एक तट नीट पाहिला, कीं दुसऱ्याचा अर्थ लवकर उमगतो.

मायसीनी हें अथेन्सच्या नैर्ऋत्येस, आर्गोसच्या मैदानाच्या कडेला, एका टेकडीवर वसलेलें प्राचीन नगर. त्याच्या तटाचा घेर सुमारें ९०० मीटर असून जाडी साधारणपणें पांच ते सात मीटर भरते. बऱ्याच भागांत मोठमोठ्या ओबडधोबड शिळा चुन्यावांचून एकमेकींवर रचल्या आहेत, व मधल्या फटींत लहान दगड आणि माती ठांसली आहे. पुढील काळांतील ग्रीकांना हें काम माणसाचें वाटेना. सायक्लोप्स नांवाच्या एकाक्ष राक्षसांनीं हा तट बांधला, असें ते सांगूं लागले. आपल्याकडे डोंगरांत कोरलेलीं लेणीं पांडवांच्या नांवावर घालतात, त्यांतलाच हा प्रकार.

सिंहद्वार इ. स. पूर्व १२५० च्या सुमाराचें. दाराच्या माथ्यावरील आडव्या शिळेवर भिंतीचा भार पडूं नये म्हणून तिच्यावर त्रिकोणी पोकळी ठेविली आहे, आणि ती झांकणाऱ्या शिळेवर समोरासमोर उभे असे दोन सिंह कोरले आहेत. त्यांचीं मस्तकें आतां नाहींत. प्रवासी या शिल्पाचें छायाचित्र घेतो आणि आंत शिरतो. पण थांबण्याची जागा दाराच्या अलीकडेच आहे. दाराकडे येणाऱ्याच्या डाव्या हातास तट आणि उजव्या हातास पुढें आलेला बुरूज, असा तो अरुंद बोळ आहे. लढवय्या ढाल डाव्या हातांत धरी, म्हणून त्याची उजवी बाजू उघडी राही. बुरुजावरच्या माणसांच्या माऱ्यांत नेमकी तीच येई.

लोहगडावर ढालीचा हा हिशेब नाहीं, परंतु मनुष्याला वाटेंतच गांठण्याची बुद्धि तीच आहे. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा अशा चार दरवाजांतून वाट वर जाते. ती सरळ जात नाहीं. नागमोडी वळत राहते. एक दरवाजा घेतला, तरी पुढचा डोक्यावर असतो, आणि मधल्या प्रत्येक वळणावर चढणारा वरच्या तटाच्या नजरेखालीं सांपडतो. महादरवाजापाशीं पोंचून खालीं पाहावें, म्हणजे ही रचना एका दृष्टिक्षेपांत कळते.

दगडाची गोष्ट मात्र निराळी आहे. मायसीनीच्या गवंड्यांना सबंध टेकडीभोंवतीं भिंत घालावी लागली. सह्याद्रींत निम्में काम निसर्गानेंच करून ठेविलें आहे. लाव्ह्याचे थर एकावर एक बसून हे डोंगर झाले. त्यांतील कठीण थर उभा कडा होऊन उरतो. जेथें कडा पुरेसा तेथें भिंत नाहीं. जेथें चढाव सोपा, तेथेंच तट आणि बुरूज. विंचुकाट्याकडे गेल्यास, अरुंद सोंडेच्या दोन्ही बाजूंस हें स्पष्ट दिसतें.

आतां प्रश्न असा, कीं इतकी योजना करून अखेर घडलें काय? इ. स. पूर्व ४६८ त आर्गोसच्या लोकांनीं मायसीनीस वेढा दिला. पौसानियस हा दुसऱ्या शतकांतील ग्रीक प्रवासी लिहितो, कीं तट त्यांना घेतां आला नाहीं. धान्य संपलें म्हणून नगरवासी बाहेर पडले. लोहगडाच्या नारायण दरवाजापाशीं भात आणि नाचणी सांठविण्याचें भुयार आहे. वर तळीं व टांकीं आहेत. उपासमारीनें गड जाऊं नये, याची तजवीज येथें पुरी होती. तरीही १८१८ च्या मार्चांत तो गेला, आणि तोही तट न फुटतां.

त्याचें कारण समोर उभें आहे. गायमुख खिंडीपलीकडील विसापूर लोहगडाहून सुमारें पन्नास मीटर उंच, आणि विस्तारानेंही मोठा. ४ मार्च १८१८ रोजीं प्रॉथरच्या इंग्रजी फौजेनें विसापूर घेतला. दुसऱ्या दिवशीं लोहगड लढाईवांचून रिकामा झाला. दख्खनच्या बळकट किल्ल्यांत ज्याची गणना होई, त्याच्या चार दरवाजांवर चाल करण्याचें शत्रूला कारणच उरलें नाहीं. शेजारच्या उंच माथ्यावर तोफा आल्या, कीं वळणांची सारी चतुराई व्यर्थ. लोहगड राखावयाचा तर विसापूर आधीं राखिला पाहिजे, हें त्या दोन दिवसांनीं दाखविलें.

मायसीनी आणि शेजारचें टिरिन्स यांचा समावेश जागतिक वारशाच्या यादींत १९९९ सालीं झाला. मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना तो मान २०२५ सालीं मिळाला. त्यांत लोहगड आहे, विसापूर नाहीं. परिणामीं सुटीच्या दिवशीं गर्दी लोहगडावर उसळते आणि विसापूरचा विस्तीर्ण माथा पुष्कळसा रिकामा असतो. चार दरवाजे पाहून खालीं आलेल्यानें पायांत बळ असेल तर, पावसाळा सोडून, खिंडींतून तोही चढावा. तेथें तट लांबच लांब उभा आहे, पण धड दरवाजा शोधूं नये. गड हातीं आल्यावर इंग्रजांनीं दोन्ही दरवाजे सुरुंग लावून उडविले.