ठासणीची शिकारी रायफल : मोठ्या नळीची घडण

ठासणीची बंदूक म्हटली कीं कोंकणांतील शेतकऱ्याच्या घरीं खुंटीला टांगलेली, रानडुकरांपासून शेत राखणारी लांब नळी डोळ्यांपुढें उभी राहते. तोंडाकडून दारू ओतावी, वर चिंधी ठासावी, छरे टाकावे आणि घोडा पाडावा, इतकी तिची रीत साधी. तिच्याच कुळांतील, परंतु फार निराळ्या गुणाची एक बंदूक एकोणिसाव्या शतकांत मोठ्या श्वापदांच्या शिकारीसाठीं मुद्दाम घडविली जात असे. तीहि तोंडाकडूनच भरावयाची. पण तिच्या नळींत आंतून पिळाच्या खांचा पाडलेल्या असत आणि तिच्यांतून छऱ्यांऐवजीं शिशाची एकच जड गोळी जात असे. हीच ठासणीची शिकारी रायफल.

या रायफलीच्या घडणींत लोहाराच्या कसबाहून मोठा असा एक प्रश्न गुंतलेला होता. एका नळीला एकच बार. तो झाडल्यावर पुन्हां भरावयास सरावलेल्या हातालाहि अर्धें-पाऊण मिनिट लागे. तेवढ्या अवधींत चवताळलेला गवा शिकाऱ्यापर्यंत येऊन पोहोंचे. आणि जनावर जखमी होऊन निसटलें, तर तें दिवसचे दिवस रानांत तडफडत राही. तें वाघासारखें असलें, तर त्याच्या क्रोधाला दुसऱ्या दिवशीं लांकडें तोडावयास किंवा गुरें चारावयास गेलेला निरपराध मनुष्य बळी पडे. म्हणून पहिलाच बार निर्णायक झाला पाहिजे, हें या हत्याराचें सूत्र होतें. नळीची जाडी, खांचांचा पीळ, कुंद्याचा आकार हें सर्व त्या एका सूत्रांतून निघालें.

प्रथम मापाची भाषा समजून घेतली पाहिजे. शिकारी बंदुकीच्या नळीचें माप इंग्रज कारागीर इंचांत न सांगतां गोळ्यांच्या संख्येनें सांगत. एका रत्तल शिशाच्या सारख्या बारा गोल गोळ्या पाडल्या आणि त्यांतील एक गोळी नळींत बरोबर बसली, तर ती नळी १२ बोअरची. चौदा गोळ्यांतील एक बसली तर १४ ची, आणि चारच गोळ्यांतील एक बसली तर ४ ची. म्हणजे आंकडा जितका लहान, तितकी नळी मोठी. १२ बोअरच्या नळीचा व्यास सुमारें ०.७३ इंच, १४ बोअरचा ०.६९ इंच आणि ४ बोअरचा एक इंचाहून किंचित् अधिक भरतो.

एवढी मोठी नळी हवी कशाला? केवळ डौलासाठीं खास नव्हे. सोरा ७५ भाग, कोळसा १५ भाग व गंधक १० भाग या प्रमाणांत होणाऱ्या काळ्या दारूचा जोर मर्यादित असतो. ती कितीहि भरली तरी गोळीचा वेग सेकंदास दीड ते दोन हजार फुटांपलीकडे फारसा जात नाहीं. वेग वाढवितां येत नाहीं, तेव्हां उरतें तें गोळीचें वजन. आणि गोल गोळीचें वजन वाढवावयाचें तर तिचा व्यासच वाढविला पाहिजे. येथें घनाचा नियम शिकाऱ्याच्या मदतीस येतो. अर्ध्या इंचाच्या नळींत बसणारी गोळी सुमारें १७७ ग्रेन वजनाची असते. १४ बोअरची गोळी ५०० ग्रेनांची. व्यास जेमतेम १.४ पट झाला, परंतु वजन २.८ पट झालें. गोळीच्या तोंडाचें क्षेत्रफळ मात्र दुपटीनेंच वाढलें. हवा अडविते ती या तोंडाला; अडथळ्यांतून पुढें नेतें तें वजन. म्हणून मोठी गोळी आपला वेग सावकाश गमावते व कातडें, स्नायु आणि हाड यांतून खोलवर शिरते.

हा हिशेब प्रत्यक्षांत उतरविणाऱ्या शिकाऱ्यांपैकीं एक म्हणजे सॅम्युअल बेकर. नाईल नदीच्या उगमाच्या शोधामुळें पुढें तो प्रसिद्धीस आला. १८४० सालीं, वयाची विशीहि गांठली नसतां, त्यानें ब्रिस्टल येथील गिब्स या कारागिराकडून आपल्या आराखड्याप्रमाणें एक रायफल करवून घेतली. वजन २१ रत्तल, नळी ३६ इंच लांब, गोळी ३ औंसांची आणि दारू १६ ड्रॅम, म्हणजे पुरी एक औंस! धंद्यांतील जाणत्यांना हें दारूचें माप वेडेपणाचें वाटलें. परंतु पुढें सिंहलद्वीपांत हत्ती व रानरेडे यांच्या शिकारींत त्या रायफलीनें आपली योग्यता सिद्ध केली.

अशी नळी घडवावयाची कशी? जुन्या रीतींत लोखंडाची लांब, जाड पट्टी भट्टींत पांढरी होईपर्यंत तापवून एका सळईभोंवतीं गुंडाळीत आणि तिच्या दोन्ही कडा ऐरणीवर ठोकून एकजीव करीत. हा जोड एका तापांत होत नसे. दर वेळीं दोन-तीन इंच तापवावयाचे, सळई घालावयाची, झपाट्यानें ठोकावयाचें, आणि लोखंडाला चिकटण्यापूर्वीं सळई काढून घ्यावयाची. जोडांत राखेचा किंवा मळाचा एक कण अडकला तरी तेथें नळी कच्ची राहणार. आणि तो कच्चेपणा उघडकीस येणार तो बार उडतांना, शिकाऱ्याच्या डोळ्यांपासून वीतभर अंतरावर. म्हणून भट्टींतील तापाचा रंग ओळखणें ही या धंद्यांतील पहिली विद्या मानीत. हिंदुस्थानांतील कारागीर तोड्याच्या बंदुकांसाठीं लोखंडाच्या पट्ट्या पिळासारख्या गुंडाळून नळ्या करीत. त्यांचे नागमोडी पोत वस्तुसंग्रहालयांतून आजहि पाहावयास मिळतात.

नळी जोडून झाली कीं ती आंतून कोरावयाची. एकाहून एक किंचित् मोठीं अशीं पोलादी पातीं तिच्यांतून फिरवून पोकळी सारखी करीत. मग ती सरळ आहे कीं नाहीं याची परीक्षा. त्यासाठीं नळींतून एक तंग दोरा ओढून तो पोकळीच्या कडेला टेकवीत आणि उजेडाकडे धरून पाहत. दोरा कोठें भिंतीपासून सुटलेला दिसला, तर तेथें नळीला बांक आहे असें समजावें व हलक्या हातोडीनें तो काढावा. डोळा आणि दोरा एवढ्याच साधनांनीं साधलेली ही अचूकता आजच्या यंत्रकारागिरासहि आदर वाटावा अशीच आहे.

यानंतरचें काम खांचा पाडण्याचें. एका लांकडी दंडगोलावर हवा तसा पीळ कोरलेला असे, तोच वाटाड्या. त्याला जोडलेल्या गजाच्या टोकास करवतीसारखें लहान पातें बसवीत. दंडगोल मागेंपुढें ओढला कीं गज पिळाप्रमाणें वळे व पातें नळीच्या अंगांतून केसाएवढा कीस काढी. एक खांच झाली कीं दंडगोल फिरवून दुसरी. सर्व खांचांची एक फेरी संपली म्हणजे पात्याखालीं कागदाचा एक तुकडा सारून तें किंचित् वर उचलावयाचें, आणि पुन्हां पहिल्यापासून. येणेंप्रमाणें शेंकडों वेळां ओढ दिल्यावर खांचांना पुरेशी खोली येई.

परंतु पीळ किती असावा? या प्रश्नावर मोठा वाद झाला. गोळीला गिरकी हवी ती तिच्यांतील लहानसहान दोष सर्व बाजूंना सारखे वांटले जाऊन ती एकीकडे भरकटूं नये म्हणून. लांबट गोळीला गिरकी भरपूर लागते, नाहीं तर ती हवेंत कोलांटी खाते. गोल गोळीला पुढची बाजू आणि मागची बाजू हा भेदच नाहीं. तिला थोडकी गिरकी पुरते. पीळ फार असून दारूहि फार असली, तर गोळी खांचांना न जुमानतां सरळ त्यांच्यावरून घसरत बाहेर पडते. गिरकीहि नाहीं व नेमहि नाहीं. बेकरनें यावर एक तोड काढली होती. त्याच्या नळींत दोनच खोल खांचा होत्या व गोळीच्या कंबरेला त्यांत बसणारा पट्टा ओतलेला होता. त्यामुळें ३६ इंचांत एक वळसा एवढा पीळ असूनहि गोळी घसरत नसे.

दुसरी तोड अधिक सोपी होती, आणि तिचा संबंध आपल्या मुलखाशीं पोहोंचतो. नागपूर राजधानी असलेल्या तेव्हांच्या मध्यप्रांतांत कॅप्टन जेम्स फोर्सिथ हा अधिकारी होता. सातपुड्यांतील पचमढीच्या परिसराचें वर्णन करणारा त्याचा ग्रंथ १८७१ सालीं, त्याच्या मृत्यूच्याच वर्षीं, प्रसिद्ध झाला. त्यापूर्वीं १८६३ मध्यें त्यानें शिकारी रायफल व तिच्या गोळ्या या विषयावर स्वतंत्र पुस्तक लिहिलें. त्याचें म्हणणें थोडक्यांत असें : मोठ्या गोल गोळीला पीळ अगदीं मंद द्यावा. १४ बोअरच्या नळीला सुमारें १०४ इंचांत एक वळसा. म्हणजे २६ इंचांच्या नळींतून बाहेर पडेपर्यंत गोळी जेमतेम पाव वळसा घेते. असें केलें असतां गोळी घसरत नाहीं, दारू मोकळ्या हातानें भरतां येते आणि वेग वाढतो.

वेग वाढण्याचा लाभ जंगलांत विशेष. शंभर यार्ड म्हणजे ३०० फूट. सरासरी १५०० फूट वेगानें तें अंतर काटावयास सेकंदाचा पांचवा हिस्सा लागतो व तेवढ्यांत गोळी नळीच्या सरळ रेषेपासून सुमारें ८ इंच खालीं येते. वेग १००० फूटच असेल तर हाच उतार १७ इंचांवर जातो. बांबूच्या बेटांतून दिसणारें सांबर साठ यार्डांवर आहे कीं शंभर, हें क्षणांत ठरवितांना चूक होणारच. गोळीचा मार्ग जितका सरळ, तितकी ती चूक जनावराला कमी भोंवते.

नळीचें मागील तोंड आटे पाडलेल्या जाड लोखंडी बुचानें बंद करीत. दारूला विस्तव पोहोंचविण्याचें साधन मात्र कालानुसार बदललें. गारगोटीच्या चापांत रंजक पेटे, मग कानांतून ज्वाळा आंत जाई. त्यांत वेळ जाई आणि पावसांत रंजक भिजे. स्कॉटलंडमधील एक धर्मोपदेशक, अलेक्झांडर जॉन फोर्सिथ (वर सांगितलेल्या कॅप्टनाहून हा निराळा), यानें आघातानें पेटणाऱ्या द्रव्याचा उपयोग शोधून १८०७ सालीं त्याचें पेटंट घेतलें. त्यांतूनच पुढें तांब्याची टोपी निघाली. बेकर व कॅप्टन फोर्सिथ यांच्या रायफली या टोपीच्याच.

कुंद्यासाठीं अक्रोडाचें, वर्षानुवर्षें वाळवलेलें लांकूड घेत. त्यांतील रेषा मनगटाच्या जागीं लांबीच्या दिशेनें वाहिल्या पाहिजेत. आडव्या गेल्या तर धक्क्यानें कुंदा तेथेंच मोडतो. धक्क्याचा हिशेबहि सोपा आहे. गोळी १/१४ रत्तल व रायफल ९ रत्तल, म्हणजे रायफल गोळीच्या १२६ पट जड. गोळी १५०० फूट वेगानें पुढें गेली तर रायफल सेकंदास सुमारें १२ फूट वेगानें मागें येणार. दारूच्या वायूचा रेटा आणखी निराळा. म्हणून मोठ्या पोकळीची रायफल हलकी करणें हा शहाणपणा नव्हे. कुंद्याचें टोंक रुंद व सपाट ठेवीत, म्हणजे धक्का खांद्यावर पसरतो. लांकडाला जवसाचें तेल पुन्हां पुन्हां चोळून मुरवीत.

रायफल तयार झाली तरी तिची परीक्षा उरतेच. बर्मिंगहॅम येथें १८१३ पासून कायद्यानें स्थापन झालेलें परीक्षागृह आहे. तेथें नेहमींपेक्षां बरीच जास्त दारू भरून बार काढतात व नळी टिकली तरच तिच्यावर शिक्का उठवितात. पण परीक्षेस उतरलेली नळीहि निष्काळजी मनुष्याच्या हातीं फुटूं शकते. दारू मापून ओतावी. मेणचट केलेल्या तागाच्या चिंधींत गोळी गुंडाळून ती गजानें थेट दारूवर टेकेपर्यंत खालीं न्यावी. चिंधी खांचांत घट्ट बसते व गोळीला गिरकी देते. गोळी अर्ध्यांतच अडकली आणि मध्यें पोकळी राहिली, तर नळी तेथें फुगते किंवा फाटते. म्हणून गजावर खूण करून ठेवीत. खूण तोंडाशीं आली कीं गोळी जागीं बसली असें समजावयाचें. काळ्या दारूची काजळी चार-दोन बारांतच सांचते. ती ओल्या चिंधीनें पुसली नाहीं तर हाच अपघात ओढवतो.

१८७० च्या सुमारास मागून भरावयाच्या, काडतुसांच्या रायफली सर्वत्र झाल्या आणि शतकाच्या अखेरीस धूररहित दारू आली. तेव्हां या हत्याराचें प्रयोजन सरलें. विद्या मात्र बुडाली नाहीं. अमेरिकेंत १९३३ सालीं ठासणीच्या रायफलींचा राष्ट्रीय संघ निघाला. व्हर्जिनियांतील विल्यम्सबर्ग येथें वॉलेस गस्लर या कारागिरानें लोखंडी पट्टीपासून संपूर्ण रायफल घडविली, तिचा १९६९ सालचा बोलपट प्रसिद्ध आहे. तेथील अनेक संस्थानांत ठासणीच्या शिकारीसाठीं वेगळा हंगामहि राखून ठेवतात. भारतांत १९५९ च्या शस्त्रास्त्र कायद्यान्वयें परवान्याशिवाय बंदूक घडविणें हा गुन्हा आहे आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकारीचें युग संपविलें.

पचमढीभोंवतालचें तें रान आज व्याघ्रप्रकल्पांत मोडतें आणि गवे तेथें निर्भयपणें चरतात. या रायफलीच्या घडणींतील कसब कौतुकास्पद खरें. परंतु तें ज्या दंडकावर उभें होतें तो अधिक मोलाचा आहे. जें काम एकदांच करतां येतें व ज्याची चूक दुसऱ्या जीवाला भोगावी लागते, त्याची तयारी करतांना आळस क्षम्य नाहीं. भट्टीच्या पहिल्या तापापासून गजावरच्या खुणेपर्यंत त्या जुन्या कारागिरांनीं जी दक्षता बाळगली, तिचें कारण हेंच होय.