केनेडींचा विमान अपघात : शाप की कारण?

अमेरिकेचे पहिले कॅथोलिक राष्ट्राध्यक्ष जॉन एफ. केनेडी यांचे त्याच नावाचे पुत्र १६ जुलै १९९९ रोजी मार्थाज व्हिनयार्ड या बेटाजवळ विमान अपघातात मृत्यू पावले. त्यांच्या पत्नी कॅरोलिन व मेहुणी लॉरेन बेसेट यांचाही त्यात अंत झाला. ‘केनेडी घराण्याला शाप आहे’, अशी चर्चा तेव्हा जगभर झाली. परंतु अमेरिकेच्या राष्ट्रीय परिवहन सुरक्षा मंडळाने २००० साली दिलेला अहवाल वेगळेच सांगतो.

एका इंजिनाचे ‘पायपर साराटोगा’ हे विमान केनेडी स्वतः चालवीत होते. सूर्यास्तानंतर, रात्री ८ वाजून ३८ मिनिटांनी त्यांनी न्यू जर्सीहून उड्डाण केले. त्यांना सुमारे ३१० तासांचा अनुभव होता. मात्र केवळ उपकरणांच्या आधारे विमान चालविण्याचा परवाना नव्हता. किनारा मागे पडल्यावर खाली काळोखा समुद्र, सभोवती धुरकट हवा अशी स्थिती झाली. क्षितिज दिसेनासे झाले.

अशा वेळी शरीर फसवते. आपल्या अंतर्कर्णात द्रवाने भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. शरीर वळले की द्रव मागे राहतो व मेंदूला वळण कळते. वळण संथ आणि एकसारखे राहिले, तर काही सेकंदांत द्रवही त्याच गतीने फिरू लागतो आणि वळणाची जाणीव नाहीशी होते. विमान कललेले असूनही वैमानिकाला ते सरळ चालले आहे असे वाटते. उंची घटताना पाहून तो पंख समतल न करताच नाक वर ओढतो; त्यामुळे वळण अधिकच आवळत जाते. केनेडींचे विमान शेवटी मिनिटाला ४,७०० फुटांहून अधिक वेगाने खाली आले. यंत्रात बिघाड आढळला नाही. दिशाभ्रमामुळे ताबा सुटला, असा निष्कर्ष मंडळाने काढला.

यावर उपाय एकच : स्वतःच्या संवेदनेपेक्षा समोरच्या कृत्रिम क्षितिजदर्शकावर विश्वास ठेवणे. हा विश्वास दीर्घ सरावानेच अंगी बाणतो.

२१ जुलै रोजी तिघांचे मृतदेह समुद्रतळातून काढण्यात आले. २३ जुलै रोजी न्यूयॉर्कच्या सेंट थॉमस मोर चर्चमध्ये केनेडी दांपत्यासाठी मिस्सा अर्पण झाली. अपघाताला शाप म्हटले की शोध तिथेच थांबतो. कारण समजले, तर पुढच्या वैमानिकाचे आणि त्याच्या सहप्रवाशांचे प्राण वाचू शकतात.