तळे सरकारचे, काठ कोणाचा?



साखर कारखान्यातील कामगार आणि मोंढ्यातील हमाल यांच्यात उभी हयात घालवलेल्या माणसाने तळी आणि मासे या विषयावर बोलायला उभे राहावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटेल. मलाही या विषयाची ओळख उशिराच झाली. काही वर्षांपूर्वी, पौषाच्या थंडीत, आमच्या युनियनच्या कचेरीत पाच भोई आले. त्यांच्या सहकारी संस्थेने आपल्या जिल्ह्यातील एका तलावाचा मासेमारीचा ठेका घेतला होता. पैसे भरले होते, पावसाळ्यात रोहू, कटला, मृगळ यांची बोटुकली आणून सोडली होती, आता मासा धरण्याजोगा झाला होता. आणि नेमक्या त्या वेळी काठच्या एका शेतकऱ्याने तळ्याकडे जाणारी वाट काटेरी तार ओढून बंद केली. त्यांच्यातला म्हातारा मला म्हणाला, "अण्णा, पाणी सरकारचं, मासं आमचं, मग आम्ही तितं उडून जायाचं का?"

त्या तळ्याचे नाव मी सांगत नाही. दोन्ही बाजूंची माणसे अजून तेथेच नांदतात. पण त्या म्हाताऱ्याला मला त्या दिवशी उत्तर देता आले नाही, ही गोष्ट खरी. माझे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. कायदा मी शिकलो तो रद्दीच्या दुकानातून घेतलेल्या पुस्तकांवर, आणि तोही कामगारांचा कायदा. तळ्याच्या काठाचा मालक कोण, हे मी कधी वाचलेच नव्हते. पुढे वाचले, विचारले, चुकलो, पुन्हा विचारले. त्यातले जे समजले ते आज आपल्यापुढे ठेवतो.

आपला जिल्हा बालाघाटाच्या पठारावरचा. इकडची तेरणा मांजरेला मिळून गोदावरीकडे जाते, तिकडची सीना आणि बोरी भीमेकडे. नद्या आपल्या अंगणातून निघतात, पण पाणी दुसऱ्याच्या परसात जाऊन साठते. म्हणून येथे पाणी अडवणे हा जुना उद्योग आहे. नळदुर्गच्या किल्ल्यात दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळी, सतराव्या शतकाच्या आरंभी, बोरी नदीवर बांध घालून त्याच्या पोटात पाणीमहाल बांधला, तो आपण सर्वांनी पाहिलाच असेल. अलीकडच्या काळात तेरचा तेरणा प्रकल्प, माकणीचा निम्न तेरणा, परंड्याकडचे सीना-कोळेगाव, खासापूर, चांदणी, आणि गावोगावचे लहान पाझर तलाव झाले. नैसर्गिक सरोवर म्हणावे असे आपल्याकडे नाहीच. आपले प्रत्येक तळे कोणाच्या तरी शेतावर उभे आहे. भांडणाचे मूळ येथेच आहे, म्हणून हे वाक्य आपण ध्यानात ठेवावे.

तळे बांधताना सरकार जमीन संपादन करते, ती पाणी पूर्ण भरल्यावर जेथवर येईल तेथवर. त्या रेषेवर हद्दीचे दगड रोवतात. आता आपल्याकडचा पाऊस असा की, तळे त्या दगडांपर्यंत भरण्याचे वर्ष क्वचित येते. आले तरी दिवाळीनंतर पाणी उतरू लागते आणि चैत्रात तळ्याचे डबके होते. 2016 च्या उन्हाळ्यात तर कित्येक तळ्यांच्या तळाला भेगा पडलेल्या आपण पाहिल्या. पाणी मागे सरकते तसतशी काळीभोर, ओली, गाळाची जमीन उघडी पडते. ती पाटबंधारे खाते हंगामापुरती कसायला देते. तिलाच आपण गाळपेर म्हणतो. त्यावर हरभरा येतो, ज्वारी येते, चारा येतो. खत नको, पाणी नको, बी टोकले की झाले.

म्हणजे पाहा : दगडाच्या बाहेर शेतकऱ्याची मालकीची जमीन, दगडाच्या आत सरकारची जमीन पण हंगामापुरती शेतकऱ्याच्या हाती, त्याच्या आत पाणी, आणि पाण्यात ठेकेदार संस्थेचा मासा. पाणी सरकले तरी दगड सरकत नाही. पण दगड झुडपात हरवतात, कोणी उपटतो, कोणी बांधाला लावतो, आणि दहा वर्षांनी कोणालाच खात्रीने सांगता येत नाही की वाट कोणाच्या जमिनीतून जाते. जमीन महसुलाकडे, तलाव पाटबंधारे खात्याकडे किंवा जिल्हा परिषदेकडे, मासा मत्स्यव्यवसाय खात्याकडे. वाट कोणाकडे? मी तीन कचेऱ्या फिरलो. प्रत्येक ठिकाणी मला दुसऱ्या कचेरीचा पत्ता मिळाला.

वाट बंद झाली म्हणून काय मोठेसे बिघडले, लांबून जावे, असे शहरातल्या माणसाला वाटेल. मलाही वाटले होते. म्हणून एक पहाट मी त्यांच्याबरोबर काढली. रात्री टाकलेले जाळे पहाटे काढतात. होडी म्हणजे थर्मोकोलचा तराफा किंवा ट्रकच्या टायरची ट्यूब. मासा पाण्याबाहेर आला की त्याचे घड्याळ सुरू होते. ऊन चढण्याच्या आत तो बर्फात गेला पाहिजे. पूर्वीच्या वाटेने टेम्पो काठापर्यंत येई. आता डोक्यावर पाटी घेऊन, गुडघाभर गाळ तुडवीत, सगळ्या तळ्याला वळसा घालून सांडव्याकडे जावे लागे. टेम्पोपाशी पोचेपर्यंत माशाचे पोट मऊ झालेले असे. व्यापारी अंगठ्याने दाबून पाही आणि काही न बोलता भाव पाडी. ठेक्याची रक्कम मात्र तेवढीच. कारखान्यात मालकाने फाटकाला कुलूप लावले तर आम्ही त्याला टाळेबंदी म्हणतो; ही टाळेबंदीच होती, फक्त येथे मालक दिसत नव्हता.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण तार लावणारा शेतकरी काही सावकार नव्हता. त्याच्या वडिलांची चांगली जमीन त्या तळ्यात गेली होती. मोबदला मिळाला तो त्या वेळच्या दराने. गाळपेर म्हणून ज्या पट्ट्यात तो हरभरा पेरीत होता, तो पट्टा त्याच्या आजोबाने नांगरलेला होता. तो मला म्हणाला, "जमीन आमची गेली, पाण्याचा पैसा दुसऱ्याला, अन् वर त्यांचा टेम्पो माझ्या हरभऱ्यातून जाणार?" हे ऐकून मी गप्प बसलो. ज्यांच्याविरुद्ध आपण अर्ज लिहितो त्यांचेही ऐकून घ्यावे, ही सवय मला संपांनी लावली. फार वेळा पाळता आली असे मात्र नाही.

मध्य प्रदेशात त्या वेळच्या होशंगाबाद जिल्ह्यात तवा धरणावर हा पेच वेगळ्या रीतीने सुटला होता. तेथे धरणाने उठवलेल्या आदिवासींनीच आंदोलन करून 1996 साली मासेमारीचा हक्क मिळवला आणि आपल्या सोसायट्यांचा तवा मत्स्य संघ चालवला. ज्याची जमीन बुडाली त्याच्याच हाती पाणी आले. पुढे व्याघ्रप्रकल्पाचे कारण पुढे येऊन 2006 नंतर तो हक्क राहिला नाही, पण दहा वर्षे तो चालला. आपल्याकडे बुडाला तो शेतकरी एक, मासा धरतो तो भोई दुसरा. दोघेही नुकसानीत, म्हणून दोघेही चिडलेले.

काठ ज्याचा त्याचे पाणी, ही समजूत फार जुनी आहे आणि तिचा निकाल आपल्याच महाराष्ट्रात लागला आहे. महाडचे चवदार तळे आपण जाणता ते 20 मार्च 1927 च्या सत्याग्रहामुळे. तो लढा माणुसकीचा होता. माशांच्या ठेक्याशी त्याची बरोबरी करण्याचा अविचार मी करणार नाही. पण त्या लढ्याला कोर्टाचेही एक अंग होते, ते फारसे कोणी वाचीत नाही. 1923 साली मुंबई कायदे कौन्सिलने बोले यांचा ठराव केला, 1924 साली महाड नगरपालिकेने तळे सर्वांना खुले केले, सत्याग्रह झाला आणि वर्षअखेर काही सवर्ण गृहस्थांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकर व त्यांचे सहकारी यांच्यावर दिवाणी दावा लावला. तळ्याभोवती नगरपालिकेचा रस्ता, त्याच्या पलीकडे सवर्णांची घरे. त्या घरवाल्यांपैकी अनेकांच्या मालकीच्या पाण्यालगतच्या पट्ट्या आणि पायऱ्यासुद्धा होत्या. मग तळे आमचेच नव्हे काय, निदान इतरांना अडवण्याची वहिवाट तरी आमची नव्हे काय, असे त्यांचे म्हणणे. नऊ वर्षांहून अधिक काळ खटला चालला. 17 मार्च 1937 रोजी मुंबई हायकोर्टाने निकाल दिला की, तळे नगरपालिकेकडे आहे आणि इतरांना वगळण्याची अनादी वहिवाट सिद्ध झालेली नाही. काठाशी ज्यांची घरे आहेत तेच पाणी भरताना दिसले, तर त्यात नवल नाही. तेवढ्याने दुसऱ्याला मनाई करण्याचा हक्क उत्पन्न होत नाही.

मासे धरणाऱ्याचा हक्क कोणत्या जातीचा, याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने 1955 साली ओरिसातील चिलिका सरोवराच्या खटल्यात दिले. तेथील कोळ्यांनी पारिकुडच्या राजाकडून ठरावीक भागातले मासे धरण्याचा हक्क पैसे देऊन घेतला होता. जमीनदारी गेली, सरकारने तो हक्क मानला नाही. न्यायालय म्हणाले, पाण्यात जाऊन मासा धरून नेण्याचा हक्क हा जमिनीतून निघणारा लाभ आहे, म्हणजे स्थावर मिळकत आहे. ऐकायला गोड. पण स्थावर मिळकत म्हटली की लेखी, नोंदलेला दस्त पाहिजे. कोळ्यांचा व्यवहार तोंडी होता, म्हणून ते हरले. तोंडी कराराचे काय होते, हे आमच्या हमालांना वेगळे सांगायला नको.

परदेशातले एक उदाहरण मला फार आवडले. उत्तर अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स वसाहतीने 1641 साली मोठ्या तळ्यांत मासे धरणे सर्वांना मोकळे केले. 1647 साली दहा एकरांवरचे तळे ते मोठे अशी व्याख्या घालून आणखी एक गोष्ट जोडली : तेथे पोचण्यासाठी कोणाच्याही जमिनीतून पायी जाता येईल, मात्र उभे पीक आणि गवताचे कुरण तुडवता कामा नये. पावणेचारशे वर्षांपूर्वीच्या त्या शेतकऱ्यांना हे कळले होते की, पाणी मोकळे केले आणि वाट केली नाही तर काहीच मोकळे केले नाही.

आपल्या कायद्यात काय आहे? महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे, 1966 च्या कायद्याचे, कलम 20 सांगते की खाजगी मालकीची नसलेली तळी, त्यांचा तळ आणि पाणी सरकारचे. त्याच संहितेच्या कलम 143 ने बांधावरून वाट मिळते, पण ती शेत असणाऱ्याला. भोयाला शेत नाही, म्हणून त्याला बांध नाही. 2025 साली राज्य सरकारने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला, तो कर्ज आणि विजेच्या सवलतींसाठी. त्याने गाडीवाट निघत नाही. मी येथे बरेच दिवस अडकलो. मग 1906 सालच्या मामलेदार कोर्ट कायद्याचे कलम 5 हाती आले. शेती, चराई, झाडे, पिके यांच्या ओळीतच तेथे मासेमारीची जागा असा शब्द आहे, आणि तिकडे जाणाऱ्या वहिवाटीच्या रस्त्याला कोणी अडथळा केला तर तहसीलदार तो थांबवू शकतो. अट एकच, अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत गेले पाहिजे. आमचे पाच महिने कचेऱ्या फिरण्यात गेलेले होते.

शहरातील मंडळींसाठी एक सूचना जाता जाता. रविवारी गळ घेऊन तळ्यावर जाणारे आपल्यातही आहेत. त्यात वाईट काही नाही. पण ठेका एखाद्या संस्थेकडे असेल तर आधी तिला विचारावे, आणि मोटारसायकल हरभऱ्यात घालू नये. त्या शेतकऱ्याच्या तारेला पहिले निमित्त शहरातल्या गळवाल्यांच्या गाड्यांनीच दिले होते, हे मला नंतर कळले.

अर्ज मुदतीत दाखल झाला. तहसीलदार जागेवर आले, मोजणीत हद्दीचे तीन दगड सापडले, आणि तार दगडांच्या आत, सरकारी जमिनीत निघाली. पण हुकूम होण्याआधीच दोन्ही पक्षांनी पारावर बसून लिहून घेतले : दगडांच्या कडेने एक बैलगाडी जाईल एवढी वाट गाळपेरीतून सोडायची, टेम्पो सूर्य उगवून तासाभराच्या आत निघून जायचा, आणि वाटेपायी जेवढा हरभरा गेला तेवढ्याचे मासे शेतकऱ्याच्या घरी पोचते करायचे. शेवटची अट कोणी सुचवली ते आठवत नाही; शेतकऱ्याच्या आईने असावी. त्या वर्षी ती पाळली गेली. पुढच्या पावसाळ्यात तळे बऱ्याच वर्षांनी काठोकाठ भरले, वाट पाण्याखाली गेली, आणि माघात पाणी उतरल्यावर ती पुन्हा आखण्यासाठी मला निरोप आला.