मित्राचं लग्न, चौसष्टाव्या वर्षी

'मित्राच्या लग्नाला कोल्हापूरला चाललोय,' असं मी सांगितलं, तेव्हा आमच्या इमारतीतल्या तिघांनी ठरल्यासारखं विचारलं, 'मित्राच्या मुलाच्या ना?' नाही, मित्राच्याच, असं मला तीनदा सांगावं लागलं. तिघांच्याही चेहऱ्यावर आधी हसू आलं आणि मग जरा काळजी दिसली. त्या काळजीचा काही वाटा माझ्यातही होता, हे कबूल केलं पाहिजे. कल्याणला महालक्ष्मी एक्स्प्रेसमध्ये चढलो खरा, पण रात्रभर डोळा लागला नाही.

या मित्राला आम्ही राजाराम कॉलेजात असल्यापासून 'मास्तर' म्हणतो. पुढे तो खरोखरच मास्तर झाला. त्याचं पहिलं लग्न १९८६च्या जूनमधलं, महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातलं. मी तेव्हा विदर्भातल्या एका शाखेत होतो. त्या काळी बँकांची सहामाही ३० जूनला बंद व्हायची. लेजरं रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जुळवायची आणि बारा रुपये चाळीस पैशांच्या फरकासाठी सगळी शाखा वेठीला धरायची. 'रजा नामंजूर झाली' असं मी त्याला पत्रानं कळवलं. खरी गोष्ट अशी, की मी रजेचा अर्ज दिलाच नव्हता. बढतीची परीक्षा तोंडावर होती आणि साहेबांच्या नजरेत भरायचं होतं. वहिनींनी पुढे तेहतीस वर्षं मला जेवू घातलं, एकदाही त्या लग्नाचा विषय काढला नाही. २०१९मध्ये त्या गेल्या.

मास्तरचा फोन गेल्या वर्षी आला. फिरायला येणाऱ्या मंडळींत एका बाईंशी ओळख झाली होती. त्यांचे यजमान माझ्यासारखेच सरकारी बँकेतले, नोकरीत असतानाच गेलेले. एक मुलगी, ती मार्गी लागलेली. 'तू बँकेतला, जरा हिशेब करून सांग,' मास्तर म्हणाला. मी अधिकाऱ्याच्या इमानानं हिशेब केला आणि लेखी कळवला: लग्न करू नका, एकत्र राहा. कारण बँक कर्मचाऱ्यांच्या १९९५च्या पेन्शन नियमांनुसार विधवेचं कुटुंब निवृत्तिवेतन तिच्या मृत्यूपर्यंत किंवा पुनर्विवाहापर्यंत, जे आधी घडेल तोवरच मिळतं. त्यात ही रक्कम आता कुठे बरी झालेली. पूर्वी तिला ९,२८४ रुपयांची कमाल मर्यादा होती. २०२१मध्ये ती काढून सरसकट पगाराच्या तीस टक्के देण्याचा निर्णय झाला. वाट बघून वाढलेली रक्कम एका सहीनं सोडून द्यायची, हे माझ्या हिशेबात बसेना.

बाईंनी स्वतः फोन केला. 'भाऊजी, हिशेब बरोबर आहे. पण परवा यांना दवाखान्यात दाखल केलं, तेव्हा कागदावर रकाना होता, रुग्णाशी नातं. मी काय लिहायचं होतं?'

मी काय सांगणार? चौतीस वर्षं मी असे रकाने लोकांकडून भरून घेतले होते. रिकामा रकाना असलेला कागद मी स्वतः परत केलेला आहे.

गाडी रुकडीजवळ पंचगंगेच्या पुलावर आली, तेव्हा हेच डोक्यात होतं. विधवाविवाहाला मान्यता देणारा कायदा १८५६चा. पण त्याच कायद्यात असंही होतं, की पुनर्विवाह करताच पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा तिचा हक्क ती मरण पावल्याप्रमाणे संपेल. कोल्हापूर तर शाहू महाराजांचं. १९१७मध्ये त्यांनी आपल्या संस्थानात विधवाविवाहाचा कायदा केला. याच जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीनं ४ मे २०२२ रोजी कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करण्याचा ठराव केला आणि पंधरवड्यात राज्य सरकारनं इतर ग्रामपंचायतींना त्याचं अनुकरण करायला सांगितलं. बांगड्या राहिल्या, याचं मोल मोठंच आहे. पण पेन्शनच्या पुस्तकात अजून ते जुनं कलम वेगळ्या शब्दांत जगतं आहे. विधवा राहील तोवर पैसे मिळतील. बाई पुन्हा उभी राहिली, की खातं बंद.

लग्न शुक्रवारी होतं, कारण शनिवारी-रविवारी कचेरी बंद. विशेष विवाह कायद्याची तीस दिवसांची नोटीस फलकावर लागून उतरली होती. या कायद्याला तीन साक्षीदार लागतात. एक मी, दुसरी बाईंची मुलगी. तिसरी जागा मास्तरनं मुलासाठी ठेवली होती. मुलगा पुण्यात असतो. 'येईन की नाही, सांगत नाही' एवढंच बोलला होता. अडचण नको म्हणून शेजारच्या काकांना आणलं होतं. ते कोपऱ्यात इस्त्रीचा सदरा घालून बसले होते. मास्तर दर दोन मिनिटांनी दाराकडे बघत होता आणि बघत नसल्यासारखं दाखवत होता.

नाव पुकारलं, तेव्हा मुलगा जिना चढून आला. पाया पडला नाही, हसलाही नाही. 'आधार कार्ड आणलंय,' म्हणाला. दोघांनी अधिकाऱ्यासमोर एकमेकांचा स्वीकार केल्याचं म्हटलं. मास्तरचा आवाज फाटला. मुलानं सही केली, पेन बाईंच्या मुलीपुढे धरलं आणि काकांना म्हणाला, 'चला काका, चहा घेऊ.' सगळं मिळून वीस मिनिटं लागली असतील.

शनिवारी घरच्यांपुरतं जेवण झालं, तांबडा-पांढरा रस्सा. मुलगा जेवायला थांबला. फार बोलला नाही, पण पांढरा रस्सा दोनदा घेतला. संध्याकाळी आम्ही दोघं रंकाळ्यावर जाऊन बसलो. एकोणचाळीस वर्षं पोटात असलेलं मी बोलून टाकलं. 'त्या वेळी रजा मी मागितलीच नव्हती.'

मास्तर पाण्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, 'मग आता काय मर्दा, व्याज देणार हाईस काय?'

एवढंच. त्यानं माफ केलं, की त्याला आधीच ठाऊक होतं, मला कळलं नाही. मीही विचारलं नाही.

रविवारी निघताना बाईंनी एक कागद पुढे केला. बँकेला लिहिलेलं पत्र होतं: मी पुनर्विवाह केला आहे, तरी माझं कुटुंब निवृत्तिवेतन बंद करावं, आजवर ते वेळेवर दिल्याबद्दल आभारी आहे. 'मसुदा बघून द्या, भाऊजी. तुमचा हात बसलेला.'

मी चष्मा लावून दोनदा वाचलं. काही सुचवावंसं वाटलं नाही. फक्त तारीख राहिली होती. ती त्यांनी माझ्यासमोर घातली.