दगडाच्या पोटातला प्रवाह

टोमॅटो सॉसची बाटली उपडी केली तरी सॉस लगेच पडत नाही. बाटली जोराने हलवली की तोच सॉस भसकन बाहेर येतो. पाणी असे वागत नाही. तापमान तेच असेल, तर कितीही ढवळले तरी पाण्याची श्यानता, म्हणजे वाहण्याला होणारा आतला विरोध, बदलत नाही. सॉस, रंग, रक्त, बहुवारिकांची द्रावणे हे मात्र जटिल द्रायू होत. ते जोराने वाहू लागले की त्यांची श्यानता बदलते.

आता तेलक्षेत्राकडे वळू. वालुकाश्मातील तेल पुढे ढकलण्यासाठी त्यात पाणी सोडतात. पण पातळ पाणी तेलाला बगल देऊन सोप्या वाटेने निघून जाते व पुष्कळ तेल मागेच राहते. म्हणून काही ठिकाणी पाण्यात बहुवारिक मिसळून ते दाट करतात. खडकाची छिद्रे लहानमोठी असतात. त्यामुळे प्रत्येक छिद्रात वेग निराळा, म्हणून श्यानताही निराळी! भांड्यात मोजलेली श्यानता येथे पुरेशी नाही. आत पाहावे तर खडक अपारदर्शक. फोडावा तर प्रवाहच संपला.

येथे अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदन उपयोगी पडते. १९४६ मध्ये ब्लॉख व पर्सेल यांनी अमेरिकेत स्वतंत्रपणे ते दाखवून दिले. पाण्याच्या रेणूतील हायड्रोजनचे अणुकेंद्र, म्हणजे प्रोटॉन, हे चिमुकले चुंबकच असते. चुंबकीय क्षेत्रात त्याचा अक्ष भोवऱ्यासारखा डुलतो. १ टेस्ला क्षेत्रात सेकंदाला सुमारे ४ कोटी २६ लाख वेळा. त्याच कंप्रतेचा रेडिओ स्पंद दिला की सारे प्रोटॉन एका तालात डुलतात व त्यांचा क्षीण संदेश तारेच्या वेटोळ्यात पकडता येतो. रेडिओ तरंगांना वालुकाश्माची आडकाठी होत नाही.

मग वेग कसा कळतो? क्षणभर क्षेत्र एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे वाढते ठेवतात. प्रत्येक प्रोटॉनचा ताल त्याच्या जागेनुसार पुढेमागे होतो. थोड्या वेळाने हीच चढण उलटी करून तितकाच वेळ देतात. जागेवरचा प्रोटॉन मूळ तालावर येतो. सरकलेला येत नाही. उरलेला फरक त्याने कापलेल्या अंतराच्या प्रमाणात असतो. त्या अंतराला मधल्या काळाने भागले की झाला वेग!

खडकात लोह जास्त असेल तर संदेश विस्कटतो. म्हणून पुष्कळ प्रयोग काचेच्या मण्यांच्या थरावर करतात. द्रावण कोठे धावते व कोठे थबकते, हे तेथे काहीही न फोडता कळते. तेल कोठे मागे राहील याचा अंदाज त्यावरूनच बांधता येतो.