सहा काडतुसांचा हिशेब

आबाजींचं रिव्हॉल्व्हर उघडायचं म्हणजे ते मधोमध मोडायचं. खटका अंगठ्यानं दाबला की नळी पुढं झुकते, चक्री वर येते आणि चक्रीच्या मधून चांदणीच्या आकाराची पट्टी उठून सहाही पुंगळ्या एका दमात बाहेर ढकलते. बर्मिंगहॅमच्या वेब्ली अँड स्कॉटचं, .३२ बोअरचं हे हत्यार तेल्हाऱ्याच्या आमच्या घरात वर्षातून एकदाच, खंडेनवमीला, उजेडात यायचं. आबाजी जुन्या धोतराच्या फडक्यानं ते पुसत, हळद-कुंकू लावत, शेजारी पितळेचा डबा ठेवत आणि डब्यातली काडतुसं मोजत. अठरा.

मी आठ वर्षांचा असताना एका नवमीला ती सतरा भरली.

पाटाखाली, गादीखाली, धान्याच्या कोठीमागं शोध झाला. आई रडकुंडीला आली. "म्या नाई घेतलं," असं मी कुणी विचारायच्या आतच बोलून बसलो आणि पकडला गेलो. काडतूस माझ्या कंपासपेटीत, खोडरबराच्या बाजूला होतं. बुडावर उभं केलं की ते इतकं नीट उभं राहायचं की मला ते परत ठेववलं नव्हतं. आबाजींनी हात उगारला नाही. समोर बसवलं, डबा चटईवर उपडा केला आणि म्हणाले, "मोज." मी मोजली. "परत मोज." संध्याकाळपर्यंत मी तीच अठरा काडतुसं मोजत होतो. अधूनमधून ते एवढंच म्हणत, "सायबाच्या पुस्तकात अठरा लिवले हायेत. सतरा झाले तं मी चोर."

ते पुस्तक म्हणजे परवाना. एका वेळी किती काडतुसं बाळगायची आणि वर्षभरात किती विकत घ्यायची, हे त्यात लिहिलेलं असतं. दुकानदार विकताना त्यात नोंद करतो. १८७८ च्या कायद्यानं इंग्रजांनी हिंदी माणसाच्या हातातलं शस्त्र परवान्याला बांधलं. स्वतंत्र भारताचा १९५९ चा शस्त्र कायदा १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला, त्यानंही परवाना ठेवलाच.

आमच्या भागात रिव्हॉल्व्हर कशाला, असं पुण्या-मुंबईचे लोक विचारतात. वान नदीच्या काठानं सातपुड्याच्या पायथ्याला लागलेली ही शेतं. रात्री रानडुकरं येतात, रोही येतात, तुरीचा आणि हरभऱ्याचा चेंदामेंदा करतात. पण त्यासाठी रिव्हॉल्व्हर कामाचं नाही. पीकसंरक्षणासाठी कायद्यात ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे, आणि ती हातात असली तरी रोही किंवा डुक्कर मारायला वनखात्याची परवानगी लागतेच. रिव्हॉल्व्हर आलं ते कापसाच्या पैशासोबत. आबाजी अडत्याचं काम करत. हंगामात अकोल्याहून रोकड आणायची आणि गाडीवर आलेल्या शेतकऱ्याला मोजून द्यायची. रोकड थैलीत असायची आणि रिव्हॉल्व्हर कमरेला. १९७२ साली सरकारची कापूस एकाधिकार खरेदी योजना आली. खाजगी खरेदी बंद झाली, तशी थैलीही बंद झाली. हत्यार कपाटात गेलं ते गेलंच. आबाजींनी ते कुणावर झाडल्याचं घरात कुणालाही ठाऊक नाही.

मला चक्रीच्या हत्याराचं खरं कुतूहल लागलं ते फार उशिरा, टेक्सासात भाच्याकडं गेलो तेव्हा. त्याच्याजवळ स्मिथ अँड वेसनचं ६२५ आहे, .४५ एसीपी काडतुसाचं. व्हिसावर आलेल्या परक्या माणसाला तिथं बंदूक हाताळायची तर शिकारीचा वैध परवाना लागतो, म्हणून भाच्यानं आधी मला तो काढायला लावला. आबाजी असते तर त्यांना हे फार पटलं असतं.

रेंजवर त्यानं माझ्या तळहातावर एक पोलादी चकती ठेवली. जाडी साधारण एक मिलिमीटर, कडेला सहा खाचा, प्रत्येक खाचेत एक काडतूस बुडाकडून घट्ट बसवलेलं. हिला मून क्लिप म्हणतात. चक्री बाजूला काढली, चकती वरून सोडली आणि सहाही काडतुसं आपापल्या घरात एकदम उतरली. खट्ट असा एकच आवाज झाला.

हिची गरज का पडली, ते काडतुसाच्या बुडाकडं पाहिल्याशिवाय समजत नाही. आबाजींच्या .३२ काडतुसाला बुडाशी बाहेर आलेली कड आहे. ती कड चक्रीच्या तोंडावर अडते, त्यामुळे काडतूस आत घसरत नाही, आणि चांदणी त्याच कडेला धरून पुंगळी बाहेर ढकलते. .४५ एसीपी काडतूस मात्र पिस्तुलाच्या मॅगझिनसाठी घडवलेलं आहे. मॅगझिनमध्ये काडतुसं एकावर एक बसतात, तिथं बाहेर आलेली कड अडकली असती. म्हणून कड काढून बुडाशी खाच दिली. एप्रिल १९१७ मध्ये अमेरिका महायुद्धात उतरली तेव्हा सैन्याला पुरतील इतकी '१९११' मॉडेलची पिस्तुलं तयार नव्हती. स्मिथ अँड वेसन आणि कोल्ट यांची मोठी रिव्हॉल्व्हरं हाताशी होती, पण त्यांत पिस्तुलाचं काडतूस घातलं तर चांदणीला धरायला काहीच उरत नव्हतं. जोसेफ वेसन यांनी अर्धचंद्राकृती क्लिप काढली. तीन काडतुसांची एक कोर, दोन कोरी मिळून चक्री भरली. ही कल्पना कोल्टलाही वापरू दिली गेली, आणि दोन्ही कंपन्यांची मिळून सुमारे तीन लाख एम१९१७ रिव्हॉल्व्हरं तयार झाली. पुढं १९२० मध्ये पीटर्स कंपनीनं त्याच काडतुसाला जाड कड देऊन नागरिकांसाठी वेगळं काडतूस काढलं. क्लिप मात्र मागं पडली नाही. अर्ध्या कोरीची पूर्ण चकती झाली आणि स्पर्धकांनी ती उचलली. १९९९ मध्ये जेरी मिक्युलेक यांनी अशाच ६२५ मधून सहा गोळ्या झाडल्या, क्लिप बदलली आणि आणखी सहा झाडल्या. सगळं मिळून २.९९ सेकंद.

मला वेगाचं काही पडलेलं नव्हतं. "मामा, दोन्ही डोळे उघडे ठेवा, चाप ओढू नका, दाबत राहा," भाचा सांगत होता. पहिली गोळी कागदाच्या कोपऱ्यात गेली, चौथी काळ्या वर्तुळात. सहावीनंतर चक्री काढून दांडा दाबला आणि चकतीसकट सहाही पुंगळ्या माझ्या तळहातावर आल्या. एकही खाली पडली नाही. गरम होत्या, पण मी हात झटकला नाही. मोजायचीसुद्धा गरज नव्हती. सहा गेल्या होत्या, सहा परत आल्या होत्या, एकमेकींना धरून. आजूबाजूची पिस्तुलवाली मंडळी वाकून जमिनीवरची पितळं वेचत होती.

क्लिपचा दोषही त्याच दिवशी पाहिला. दुसरी चकती जराशी वाकलेली होती, नजरेला कळणार नाही इतकी. चक्री अर्ध्यात अडली, चाप दगडासारखा झाला. भाच्यानं ती काढून काचेवर ठेवली, तेव्हा एका बाजूला उजेडाची बारीक रेघ दिसली. स्पर्धेतले लोक प्रत्येक क्लिप अशी तपासतात आणि पुंगळ्या काढायला वेगळं अवजार वापरतात, कारण बोटांनी ओढाताण केली की चकती वाकते.

तिथंच मला वेब्लीची एक वाईट गोष्ट कळली. महायुद्धांनंतर ब्रिटिश सैन्याची .४५५ वेब्ली रिव्हॉल्व्हरं अमेरिकेत स्वस्तात विकली गेली. .४५५ चं काडतूस तिथं सहज मिळेना, म्हणून पुष्कळ रिव्हॉल्व्हरांच्या चक्रीची मागची बाजू घासून पातळ केली, अर्धचंद्र क्लिप बसेल अशी. पण .४५ एसीपीचा दाब त्या मोडत्या सांगाड्याला झेपणारा नाही. आबाजींच्या हत्याराच्या थोरल्या भावंडांची अशी मोडतोड झालेली ऐकून मला खरंच वाईट वाटलं.

आपल्याकडं क्लिपची गरज पडली नाही, कारण पोलिस आणि सैन्याच्या वापरातले .३८ आणि ९ मिलिमीटर हे बोअर सामान्य नागरिकाला निषिद्ध. परवान्यावर मिळतं ते .३२, आणि त्याच्या काडतुसाला कड आहे. हे काडतूस १८९६ पासूनचं. आपल्याकडच्या काडतुसाच्या बुडावर केएफ अशी अक्षरं असतात, ती १८६९ मध्ये सुरू झालेल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याची. २०१४ मध्ये कानपूरच्या कारखान्यानं स्त्रियांसाठी म्हणून हलकं निर्भीक रिव्हॉल्व्हर काढलं, किंमत १,२२,३६० रुपये. तेही वेब्लीच्याच घराण्यातलं, मधोमध मोडणारं. चक्री बाजूला निघणारं प्रबल कानपूरहून आलं ते ऑगस्ट २०२३ मध्ये. तीन माणसांच्या रक्षणाची हमी द्यावी तसं त्याचं कौतुक वाचलं. पण सव्वा लाखाचं हत्यार घेऊन ते चालवायचं कुठं, हा प्रश्न आमच्यासारख्या तालुक्यात कुणी विचारत नाही. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलाचं सुवर्ण मिळवलं. त्यामागं रेंजवरची वर्षानुवर्षं आहेत. कपाटातल्या हत्याराला तसं एकही वर्ष मिळत नाही. २०१६ च्या नियमांनी नव्या अर्जदाराला हाताळणीचं प्रशिक्षण सक्तीचं केलं, हे मला फार योग्य वाटतं. वरातीत हवेत गोळी झाडणाऱ्याला २०१९ च्या दुरुस्तीनं दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड ठेवला, तेही.

निघताना भाचा ती वाकलेली चकती आठवण म्हणून घेऊन जा म्हणाला. मी घेतली नाही. बॅगेत विसरलेल्या एका काडतुसापायी विमानतळावर अडकलेल्या माणसांच्या बातम्या मी वाचल्या आहेत.

आबाजींनंतर परवाना बाबांच्या नावावर झाला, मग माझ्या. निवडणूक लागली की मी ते रिव्हॉल्व्हर फडक्यात गुंडाळून ठाण्यात जमा करायला नेतो. टेबलावर काडतुसं ओततात. हवालदार एकेक बोटानं सरकवत मोजतात, मग मी मोजतो, मग दोघांच्या सह्या. पावतीवर 'काडतुसे १८ नग' असं लिहून येतं. घरी आल्यावर ती पावती मी पितळेच्या रिकाम्या डब्यात ठेवतो आणि डबा कपाटात, जागच्या जागी.