कारवानी कुत्रा
दख्खनच्या पठारावरील, वासापेक्षा दृष्टीच्या बळावर शिकार करणारी कुत्र्याची एक वेगवान जात. पश्चिम व मध्य आशियातून आलेल्या व्यापारी तांड्यांबरोबर (कारवान) हिचे पूर्वज भारतात आले असावेत, असे मानतात. मुधोळ संस्थानचे (आता कर्नाटकाच्या बागलकोट जिल्ह्यात) राजे मालोजीराव घोरपडे यांनी हिच्या पैदाशीस उत्तेजन दिले, म्हणून ‘मुधोळ हाउंड’ असेही नाव आहे. कान, पाय व शेपटी यांवर लांब मऊ केस असलेल्या प्रकारास पश्मी म्हणतात. भारतीय डाक विभागाने २००५ मध्ये या जातीचे चित्र असलेले तिकीट काढले.

वर्णन : डोके लांब व निमुळते, मान लांब, छाती खोल, पोट आत ओढलेले आणि पाय सरळ व लांब असतात. नराची खांद्याजवळील उंची सु. ६८–७४ सेंमी. असते, मादी थोडी लहान असते. अंगावर चरबी फार कमी असल्याने हडकुळेपणा हा रोग समजू नये. याच कारणाने भूल देताना पशुवैद्यास विशेष काळजी घ्यावी लागते.

निवड : सिन्नरसारख्या (जि. नासिक) कमी पावसाच्या तालुक्यांत आढळणारी उघडी माळराने अशा कुत्र्याच्या धावेस अनुकूल असतात. पूर्वी ससा पकडण्याची क्षमता हीच निवडीची कसोटी असे. दमात कमी पडणारे वा अधू जनावर पैदाशीस ठेवीत नसत. वन्य जीव संरक्षण अधिनियम, १९७२ आणि त्यातील १९९१ ची दुरुस्ती यांमुळे अशी शिकार कायद्याने बंद झाली व ही कसोटीही संपली. प्रदर्शनात मुख्यतः बांधा, चाल व ठेवण पाहतात. केवळ त्यावर निवड केल्यास डौल टिकतो, पण दम व काटकपणा टिकेलच असे नाही. म्हणून मोकळ्या मैदानावरील धाव, धावेनंतर श्वास पूर्ववत होण्यास लागणारा वेळ, पंजांची मजबुती व शांत स्वभाव यांचीही परीक्षा घ्यावी. पिलू घेताना आईबाप प्रत्यक्ष पाहावेत. डोळे स्वच्छ, जबड्यांची जुळणी नीट व चाल समतोल असावी.

पैदास : गर्भावधी सु. ६३ दिवसांचा असतो. कुत्र्यांच्या पैदाशीसंबंधीच्या २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार पैदास करणाऱ्याने राज्य मंडळाकडे नोंदणी करणे आवश्यक आहे. मादी किमान १८ महिन्यांची व निरोगी असावी, तिच्या आयुष्यात पाचांहून अधिक विणी होऊ देऊ नयेत आणि आठ आठवड्यांहून लहान पिले विकू नयेत, असे बंधन आहे. गावोगावच्या कुत्र्यांची लेखी वंशावळ बहुधा नसते. त्यामुळे नकळत जवळच्या नात्यात संकर होऊन दोष वाढतात, तर अधिक वेगासाठी ग्रेहाउंडशी केलेल्या संकराने मूळ गुण पुसट होतात. प्रत्येक विणीची नोंद ठेवणे हा यावरील सोपा उपाय होय. पिलांना पशुवैद्याच्या सल्ल्याने डिस्टेंपर, पार्व्हो व अलर्क (रेबीज) या रोगांच्या प्रतिबंधक लसी टोचाव्यात.